अर्ध्या घराने सरकलेल्या रेघा

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला अख्खा कारखाना ‘पंचेचाळीस’ म्हणायचा. नव्या माणसाला वाटायचं, हा त्यांचा बिल्ल्याचा नंबर असेल, नाहीतर वय. एक नवा फिटर तर त्यांना म्हणाला होता, “दिसता खरे पंचेचाळिशीचे, वर एकही नाही.” हे गंभीर तोंडाने म्हणाले, “गेली कित्येक वर्षं हेच वय चाललंय माझं.” पंचेचाळीस हा त्यांच्या रेघेचा कल होता. अंशांत मोजतात तो. कागदावर गुण्या ठेवून तिरप्या रेघा मारायच्या, एकीशेजारी एक, आणि कुणी कुठूनही मोजावं, दोन रेघांमधली जागा तेवढीच. ह्या कामाला ते हॅचिंग म्हणायचे आणि दोन रेघांमधल्या जागेला घर.

आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप व्हायचे. मी खालच्या शेडमध्ये करवतीवर होतो. ही करवत म्हणजे दातेरी लोखंडी पट्टा, दोन चाकांवर फिरणारा, वरून दुधासारखं पांढरं पाणी गळत राहायचं म्हणजे दात तापत नाहीत. जिन्याच्या वरच्या टोकाला काचेची खोली होती, ते ड्रॉइंग ऑफिस. तिथे खिडकीजवळचा पहिला बोर्ड दादांचा. बायको त्यांना दादा म्हणायची म्हणून मीही दादा म्हणायचो, आणि ते मला भाऊजी म्हणायचे, कारखान्यातही. त्यामुळे निम्मी शेड मला भाऊजी म्हणायला लागली, ते असो.

“भाऊजी,” ते म्हणायचे, “तुमचा नि माझा धंदा एकच. तुम्ही लोखंड कापता, मीही कापतो. फक्त माझ्याकडे भुसा पडत नाही.”

मला आधी ही थट्टाच वाटली होती. मी गावातल्या शाळेत शिकलेला. आमच्या गुरुजींनी आंबा काढायला शिकवला तो बाहेरून. आत कोय असते हे खाणाऱ्याला माहीत, चित्राला नाही. तर एक दिवस जेवणाच्या सुट्टीत दादांनी डब्यातलं उकडलेलं अंडं दोऱ्याने उभं कापलं. सुरी लावली तर पिवळं फासलं जातं म्हणून दोरा. मग वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने तेच अंडं काढलं. पांढऱ्या भागात उजवीकडे झुकलेल्या रेघा, पिवळ्या भागात डावीकडे झुकलेल्या.

“हे काय, अंड्याला ओरखडे?” मी म्हटलं.

“ओरखडेच! तुमची करवत लोखंडातून गेली की कापलेल्या तोंडावर दातांच्या खुणा राहतात की नाही?”

“राहतात.”

“तेच हे. जिथे रेघा, तिथे करवत मालातून गेली. जिथे कोरं, तिथे पोकळ, करवतीला हवाच लागली. आणि दोन वेगळे जिन्नस एकमेकांना चिकटले असतील तर रेघा उलट्या झुकवायच्या, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, इथे एक संपलं, दुसरं सुरू.”

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. रोज त्या खुणा माझ्या हाताखालून जात होत्या. मी त्यांना कानशीने घासून काढायचो. आणि हा माणूस त्याच खुणा कागदावर काढून दुनियेला आतलं दाखवत होता. अंडं त्यांनी मग अर्धं मला दिलं. मला ते खाववेना. त्यांनी ते परत घेतलं आणि खाऊन टाकलं.

सगळंच काही मला पटलं नाही. त्यांच्यात एक नेम असा की कापताना दांडा, बोल्ट, खिळे मधे आले तरी त्यांना कापलेलं दाखवायचं नाही. करवत सगळ्यातून जाणार, पण दांडा आपला अख्खाच. मी विचारलं, “माझ्या करवतीला सांगून बघू का, बाई गं, बोल्ट तेवढा सोड?” दादा म्हणाले, “दांडा आतून भरीवच असतो हे सगळ्यांना माहीत आहे. जे माहीत आहे ते कशाला कापायचं? ज्याच्या आत काय आहे ते कळत नाही, तेवढंच कापावं.” हे वाक्य त्यांनी डबा पुसता पुसता म्हटलं. मी ते अजून विसरलेलो नाही.

त्यांना रेघा मारताना बघायला मी मुद्दाम जिना चढून जायचो. काहीतरी निमित्त काढायचं, कधी तेलकट हात पुसायला चिंधी मागायची. ते घर मोजायचे नाहीत. गुण्या पट्टीला टेकवायचा, डाव्या अंगठ्याच्या पेराने किंचित ढकलायचा, रेघ. पुन्हा किंचित, पुन्हा रेघ. ढकलणं इतकं सारखं की ऐकताना घड्याळाची टिकटिक वाटावी. रेघ संपतानाही पेन्सिल जड पडत नसे. एका भल्या मोठ्या कागदाचं हॅचिंग ते बसले की उठायचेच नाहीत, कारण उठून परत बसलं की हात बदलतो म्हणत. आपलाच हात, पण बदललेला! चहावाला कप बाजूला ठेवून जायचा आणि चहा साय धरून बसायचा.

आता ड्रॉइंग ऑफिसची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. तिथल्या जुन्या मुख्यांनी घालून दिलेली रीत होती: कागद खाली गेला की काढणाऱ्याने त्याच्यामागे जायचं नाही. कागदाने स्वतः बोलावं. खालून कुणी विचारायला आलं तर एकच उत्तर द्यायचं, “पुन्हा वाचा.” पुन्हा वाचूनही कळलं नाही तर कागद वर परत येईल, तो नव्याने काढायचा. तोंडाने समजावून सांगायचं नाही. कारण आज तुम्ही तोंडाने सांगाल, उद्या तुम्ही नसाल आणि कागद मुकाच राहील. बाकीचे ही रीत सोयीप्रमाणे पाळायचे. दादा ती घरीही पाळायचे. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, साखरेचा डबा कुठे म्हणून विचारलं तर ते म्हणायचे, “दारावर बघ.” कपाटाच्या दारावर त्यांनी कपाटाचाच छेद, म्हणजे मधून कापल्यासारखं चित्र, काढून चिकटवला होता, फळ्यांच्या जाडीसकट.

“ह्यांच्याशी संसार करायला गुण्या घेऊन बसावं लागतं,” वहिनी माझ्या बायकोला सांगायच्या. “भांडायचं म्हटलं तरी म्हणतील, पुन्हा वाच.”

“लहानपणीही तसाच होता,” माझी बायको म्हणायची. “आईने मारलं तर रडायचा नाही, वळ किती तिरपा उठलाय ते बघायचा.”

तर असे आमचे दादा. पुढेपुढे ते कागद डोळ्यांच्या फार जवळ धरायला लागले. एकदा आमच्याकडे चहा घेताना बशी टेबलाच्या कडेच्या पलीकडे ठेवली, म्हणजे हवेतच. फुटली. आम्ही तुकडे उचलले आणि दुसरी बशी दिली. कारखान्यात मात्र बोलायला लागले. “पंचेचाळीसची नजर गेली.” कुणी म्हणे पेन्सिलीचं टोक शोधायला ते बोटाने चाचपतात. साहेबांच्या कानावर गेलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दादांना बोलावून नीटच सांगितलं, की चूक झालेली नाही तोवर बोर्ड तुमचा. पण एक जरी कागद चुकला, तर खिडकीचा बोर्ड दुसऱ्याला, आणि तुम्ही मागच्या खोलीत प्रती मोजायला. पगार तोच राहील.

“पगाराचं कोण बोलतंय,” दादा घरी म्हणाले. एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी जेवताना दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा प्यायले नाहीत.

आणि नेमका तेव्हाच शंखाला घाम फुटला.

शंख म्हणजे पंपाचं बाहेरचं लोखंडी घर. आकार गोगलगाईच्या कवचासारखा, आतून पाणी गरगर फिरून बाहेर पडतं. आमच्याकडे सगळे त्याला शंखच म्हणायचे. ओतून आला की चाचणीच्या खोलीत त्याची तोंडं बंद करून आत पाणी कोंबायचे, दाब चढवायचे आणि बाहेरून कोरडा राहतो का बघायचे. नव्या मोठ्या पंपाचा शंख होता हा, दादांच्या कागदावरून झालेला. दाब चढला आणि शंखाच्या पोटावर बारीक थेंब आले. भोक नाही, चीर नाही. जाड लोखंडातून पाणी पाझरत होतं, माणसाच्या कपाळावर यावं तसं.

चाचणीच्या खोलीवर एक इंजिनिअर बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. नुकत्या आल्या होत्या, तोडून बोलणाऱ्या. केस घट्ट बांधलेले, खिशात भिंग. त्यांनी थेंबावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “एक तर इथे भिंत पातळ आहे, नाहीतर लोखंड खराब आहे. बाहेरून भांडत बसण्यात अर्थ नाही. कापा.”

ओतारी, म्हणजे ज्याने लोखंड ओतलं तो, लगेच म्हणाला, “लोखंड खराब? माझं? मॅडम, ह्या लोखंडाच्या कढईत तुमची नात स्वयंपाक करील.”

“आधी माझं लग्न होऊ द्या,” मॅडम म्हणाल्या. “कुठे कापायचं?”

कुठे म्हणजे, कागदावर ठरलेलंच होतं. शंखाची वरून दिसणारी आकृती असते. तिच्यावर एक तुटक रेघ असते, दोन्ही टोकांना अक्षर, अ आणि अ. अर्थ असा की ह्या रेघेवर करवत चालवली तर आत जे दिसेल ते शेजारच्या चित्रात काढलंय, हॅचिंगसकट. तिथेच खरोखर कापलं की कागद आणि लोखंड शेजारी ठेवून बघता येतं. शेडमध्ये ह्या कागदाची निळी प्रत होती. बरेच दिवस हाताळलेली, घडीवर घडी पडलेली, अंगठ्यांनी काळी झालेली. लोखंडावर खुणा करणारा आमचा खडूवाला होता, त्याने ती प्रत टेबलावर पसरली, एका अ-ला पट्टी लावली, दुसऱ्या अ-ला लावली आणि शंखावर सरळ पांढरी रेघ ओढली.

खडूची रेघ आली की कापणारा मी. शंख बांधला, पाणी सोडलं, करवत लावली. मला सांगायला हवं, तोवर मी सळ्या कापल्या होत्या, पाइप, ठोकळे. अख्खा शंख कधी कापला नव्हता. ओतलेली वस्तू कापायची म्हणजे ती वाया घालवायची, कोण कापू देतो? अर्ध्यावर गेल्यावर करवतीचा आवाज बदलला, पोकळीत शिरली. मग पुन्हा भरीव. शेवटी दोन्ही भाग सुटले तसा मी करवत थांबवली आणि एक अर्धा उताणा केला.

काय सांगू. गोगलगाईच्या घरात शिरल्यासारखं होतं. भिंती कुठे जाड, कुठे पातळ, वळत वळत आत गेलेल्या, आणि कापलेल्या प्रत्येक तोंडावर बारीक चमकत्या रेघा. माझ्याच करवतीच्या, पण आता त्या मला पहिल्यांदा दिसल्या. सगळं ड्रॉइंग लोखंडात उठलं होतं. आजूबाजूला पाचपन्नास माणसं जमली होती, मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून वाकत होते.

मग मॅडमनी कागद शेजारी धरला.

“पोटाजवळ बघा,” त्या म्हणाल्या. कागदावर पोटाची भिंत जाडजूड होती, आतल्या बाजूला चांगला उंचवटा. लोखंडाच्या कापलेल्या तोंडावर उंचवटा नव्हताच. भिंत कागदातल्यापेक्षा निम्मी.

सगळ्यांनी साच्याच्या सुताराकडे बघितलं. लाकडाचा साचा तोच करतो, त्यावरून ओततात. तो आपली पट्टी घेऊन पुढे आला, शंखाची ठिकठिकाणची मापं घेतली आणि कागदावरच्या बाकीच्या आकृत्यांशी ताडून दाखवली. सगळी जुळली. “बाकीच्या चित्रांत ह्या जागी भिंत एवढीच आहे,” तो म्हणाला. “माझा साचा खरा आहे. छेदाचं चित्रच आपलं वेगळं बोलतंय.”

आणि खडूवाल्याने कागदावर बोट ठेवलं. “हे बघा ना. इथे रेघासुद्धा जुळत नाहीत.”

खरंच होतं. पोटाजवळ हॅचिंग एका जागी तुटत होतं. डावीकडून येणाऱ्या रेघा तिथे थांबत होत्या, आणि पुढच्या रेघा त्यांच्या टोकाला टोक न लावता थोड्या बाजूने सुरू होत होत्या. कल तोच, घर तेच, पण घसरलेल्या. जरा पुढे पुन्हा तसंच. पंचेचाळीसच्या कागदात!

“हात हलला,” कुणीतरी हळूच म्हणालं.

“नजर,” दुसरं कुणी म्हणालं.

दादांना वरून बोलावलं. ते जिना उतरून आले, कठडा धरून. कापलेल्या शंखासमोर उभे राहिले, फार जवळ वाकून बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तिथे जे आलं ते मला तेव्हा भीतीसारखं वाटलं. त्यांनी हात पुढे केला आणि कापलेल्या तोंडावरून बोटं फिरवली, सावकाश, कड ते कड.

“हे तुमचं ड्रॉइंग बरोबर आहे का?” साहेबांनी विचारलं.

दादा म्हणाले, “पुन्हा वाचा.”

“अहो, जग वाचतंय. भिंत निम्मी आहे.”

“पुन्हा वाचा,” दादा म्हणाले, आणि जिना चढून गेले.

साहेब चिडला. चिडणारच. म्हणाला, सोमवारपासून खिडकीचा बोर्ड रिकामा करा.

घरी आम्ही सगळे त्यांच्या खनपटीला बसलो. माझी बायको म्हणाली, “दादा, चुकलं असेल तर चुकलं म्हण, माणसाचं चुकतं. नसेल चुकलं तर तोंड उघडून सांग. हे पुन्हा वाचा, पुन्हा वाचा काय लावलंयस? पोपट आहेस का?”

“नाही चुकलं,” दादा म्हणाले.

“मग सांग की त्यांना!”

“मी सांगितलं तर तो कागद खोटा. बोर्ड राहील माझा, पण त्यावर बसून काय काढू? ज्याला शेजारी माणूस उभा करावा लागतो असले कागद?”

वहिनी ताटं आवरत होत्या. त्या म्हणाल्या, “आणि कुणी वाचलंच नाही तर?”

दादांनी कंगवा उचलला. त्याच्या दातांवरून अंगठा फिरवत बसले. मला राहवलं नाही, मी म्हटलं, “निदान मला तरी सांगा. मी नाही बोलणार.” ते हसले. म्हणाले, “भाऊजी, तुमच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसतं.” ते खरंच होतं.

शनिवारी मी करवत पुसत होतो. शंखाचे दोन अर्धे कोपऱ्यात पडले होते. मॅडम आल्या, खाली बसल्या, साडीबिडीचा विचार न करता, आणि कागद मांडीवर घेऊन भिंगाने बघायला लागल्या. बराच वेळ. मग मला म्हणाल्या, “तुम्ही त्यांचे नातेवाईक ना?”

“हो. बहीण दिलीय मला.”

“त्यांचा हात हलतो?”

मी म्हटलं, “मॅडम, चहाची बशी हवेत ठेवतात ते. पण रेघ? रेघ मारताना मी त्यांना बघितलंय. हात हलला तर रेघ वाकडी येईल ना? घर कमीजास्त होईल.”

“तेच,” त्या म्हणाल्या. “वाकडी नाही एकही. आणि हे बघा, किती सरकल्यात.” त्यांनी कंपासच्या टोकांत एक घर धरलं, मग अर्धं केलं आणि रेघ जिथे घसरली होती तिथे टेकवलं. बरोबर अर्धं घर. पुढच्या रेघेला टेकवलं. अर्धं घर. पुढच्या. प्रत्येक रेघ, खालपासून वरपर्यंत, अर्धं घर सरकलेली. आणि पलीकडे, जिथे पुन्हा तुटत होतं, तिथे बरोबर तेवढीच परत आलेली.

“चुकणारा माणूस असा चुकत नाही,” त्या म्हणाल्या. स्वतःशीच बोलत होत्या. मग त्यांचे डोळे मोठे झाले. “करवत सरकलीय! अहो, ती सरळ गेलीच नाही!”

त्या उठून निळी प्रत घेऊन धावत जिन्याकडे गेल्या, मी मागोमाग. मूळ कागद ड्रॉइंग ऑफिसच्या लोखंडी खणात असतो, निळी प्रत नव्हे, ज्यावर दादांनी स्वतः काढलं तो. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. दादा शेजारीच बोर्डावर बसून पेन्सिली डब्यात भरत होते. मॅडमनी त्यांना काही विचारलं नाही, कागदच वाचला. मूळ कागदावर अ पासून निघालेली तुटक रेघ पोटापर्यंत सरळ जात होती, तिथे काटकोनात वळून बोटभर बाजूला सरकत होती, तशीच पुढे जात होती आणि पुन्हा वळून आपल्या जागेवर येत होती. वळणांवर ठळक कोपरे काढलेले. आतला उंचवटा मधल्या ओळीत नव्हताच, बाजूला होता, म्हणून दादांनी कागदावरची करवत त्याच्यातून नेली होती, एकाच चित्रात सगळं दिसावं म्हणून. आणि जिथे करवतीने बाजू बदलली तिथे त्यांनी रेघा अर्ध्या घराने सरकवल्या होत्या, वाचणाऱ्याला खूण म्हणून.

मॅडमनी मग निळी प्रत मूळ कागदाशेजारी घेतली. त्यांनी ती उलगडून दाखवली. शेडमधल्या प्रतीची घडी नेमकी त्या सरकलेल्या तुकड्यावरून जात होती. उघडझाक करून तिथली शाई पार उडाली होती. दोन्ही कोपरे घडीत गेले होते. उरलेल्या रेघेची दोन टोकं समोरासमोर, कुणीही पट्टीने जोडावी अशी. बिचाऱ्या खडूवाल्याचं काय चुकलं?

“मी पुन्हा वाचलं,” मॅडम दादांना म्हणाल्या.

दादांनी डब्यातली एक पेन्सिल बाहेर काढून बोर्डावर ठेवली. “दिसलं मला,” ते म्हणाले.

पण वाचून भागत नव्हतं, लोखंडाने हो म्हणायला हवं होतं. साहेब म्हणाले, कापा. ह्या वेळी मॅडमनी स्वतः मूळ कागदावरून माप घेऊन खूण केली, पहिल्या कापाला समांतर, बाजूला सरकून. अर्धा शंख बांधला. दादा ह्या वेळी वर थांबले नाहीत, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. करवत लावली. ओळखीचा आवाज, मग पोकळ, आणि मग पोटाजवळ आवाज जड झाला, खोल झाला, थांबेचना. जाड माल लागला होता. दादांनी डोळे मिटले होते. आवाजावरून ते जाडी वाचत होते, हे मला त्यांचे ओठ हलताना कळलं.

“आता सुटेल,” ते म्हणाले, आणि सुटला.

तुकडा उताणा केला. पोटाची भिंत जाडजूड, आत उंचवटा. मॅडमनी कागद शेजारी धरला. कागदावरचं वळण आणि लोखंडातलं वळण एकाच हाताने काढल्यासारखं. ज्या माणसाने ते काढलं, त्याने शंखाच्या आत कधी बघितलं नव्हतं. लोखंड ओतायच्या आधी, साचा व्हायच्याही आधी, जेव्हा तो शंख जगात कुठेच नव्हता, तेव्हा ह्या माणसाने खिडकीपाशी बसून तो आतून कापला होता, आणि नंतर लोखंड येऊन त्याच्या रेघांत बसलं होतं. ओतारीसुद्धा टोपी काढून उभा होता.

मात्र त्यानेच आधी वाकून बघितलं. त्या जाड उंचवट्याच्या मधोमध लोखंड पावासारखं जाळीदार झालं होतं, बारीक बारीक छिद्रांचं. जाड भाग शेवटी निवतो आणि निवताना आतून ओढला जातो. पाणी तिथूनच वाट काढत होतं.

“माझं,” ओतारी म्हणाला. “हे माझंच. मॅडम, कढईचं मागे घेतो.”

“नातीला सांगीन,” मॅडम म्हणाल्या.

साहेब दादांकडे वळले. माणसांसमोरच म्हणाले, “बोर्ड तुमचा. माझं चुकलं. पण एक सांगा, एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?”

दादांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते गुडघ्यावर बसले होते आणि कापलेल्या तोंडावर गाल टेकेल इतके जवळ गेले होते. करवतीच्या रेघा बोटाने मोजत होते की नुसत्याच चाचपत होते, कोण जाणे. “भाऊजी,” ते म्हणाले, “केवढ्या बारीक आहेत. मी उगाच जाड मारत आलो.” त्यांच्या गालावर लोखंडाचा ओला भुसा लागला होता आणि ते लहान मुलासारखे हसत होते. तेव्हा मला कळलं, की आयुष्यभर कापत आलेल्या ह्या माणसाने आपला काप उघडा झालेला आज पहिल्यांदा बघितला होता. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर मला भीती वाटली होती, ती भीती नव्हती, नवल होतं.

मग ते उठले, निळी प्रत मागून घेतली आणि घडीवरचा उडालेला पट्टा उजेडात धरला. हसू गेलं. “वाचायला मिळालं नाही तर वाचणार कसं?” ते म्हणाले. “हा कागद बोलत नव्हता. निदान खाली तरी नव्हता.”

“अहो, पण तुमचं बरोबर होतं!” साहेब म्हणाले.

“वर बरोबर होतं,” दादा म्हणाले.

सोमवारी ते खिडकीच्या बोर्डावरच बसले, पण नव्या कामाला हात लावला नाही. शंखाचा कागद नव्याने काढायला घेतला. आधी मॅडमना शेजारी बोलावलं, बारीक आकडे नीट दिसत नाहीत म्हणून मापं वाचून दाखवायला. हे त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, अगदी सहज, जसं कुणी खिडकी जरा उघडा म्हणावं. मॅडम मापं वाचत होत्या, दादा रेघा मारत होते. त्या रेघांसाठी त्यांना डोळे लागतच नव्हते, अंगठा होता. सरकायच्या जागी अंगठा अर्धाच ढकलला गेला आणि मॅडम वाचता वाचता थांबल्या, नुसत्या बघत राहिल्या. मी चिंधी मागायला आलो होतो, चिंधी विसरलो.

प्रत निघाली तेव्हा ती कुणाच्या हाती देण्याआधी दादांनी स्वतः घडी घातली. शेडमध्ये घालतात तशी, निष्काळजीपणे, मग दुसऱ्या तऱ्हेने, मग खिशात कोंबतात तशी. प्रत्येक वेळी उघडून तुटक रेघेवर बोट फिरवलं. वळणाचे कोपरे एकाही घडीवर येत नव्हते. सगळी आकृती त्यांनी तळहातभर बाजूला घेतली होती.

“घ्या भाऊजी,” ते म्हणाले, “खाली न्या.”

मी जिन्यावरून उतरताना ती उलगडून उजेडात धरली आणि वाचली. खडूवाल्याने विचारलं, “काय म्हणतो कागद?” मी म्हटलं, “तूच बघ,” आणि त्याच्यापुढे पसरली.